जाळीत दिसतं ते उरलेलं असतं: मिश्र मत्स्यसंवर्धनातले प्राणी प्लवंग

नव्याने तळं करणारा माणूस माशाच्या वाढीचा विचार करतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे खाद्याची पोती असतात. पेंड किती, कोंडा किती, दिवसातून किती वेळा? प्रश्न रास्तच आहेत, पण उष्ण प्रदेशातल्या मिश्र तळ्यात ते दुसऱ्या क्रमांकाचे. कटला, रोहू, मृगळ, सिल्व्हर कार्प, सायप्रिनस (कॉमन कार्प) असे वेगवेगळ्या थरांत चरणारे मासे एकत्र ठेवायचे ते एवढ्यासाठीच, की तळं स्वतः जे अन्न पिकवतं ते कुठल्याच थरात वाया जाऊ नये. या अन्नातला सगळ्यात सकस भाग म्हणजे प्राणी प्लवंग, पाण्याबरोबर तरंगत राहणारे बारीक जीव. कोंड्याने माशाचं पोट भरतं, अंगात ऊर्जा येते. अंग धरायला लागणारी प्रथिनं मात्र मोठ्या प्रमाणावर हे जीव पुरवतात. मोइनासारखा प्लवंग वाळवला तर त्यात निम्म्याच्या आसपास प्रथिनं निघतात.

पहिलं तळं भरणाऱ्यांनी पुढची कामं क्रमाने करावीत. सगळ्या पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत, त्यामुळे काही ठिकाणी मी रेंगाळणार आहे आणि काही ठिकाणी दोन ओळींत पुढे जाणार आहे.

पहिलं काम: ग्लासात बघायला शिका

पहाटे, ऊन चढायच्या आत, काठापासून थोडं आतलं पाणी काचेच्या साध्या ग्लासात घ्या. उजेड बाजूने येऊ द्या आणि मागे काळं कापड धरा. ग्लास दोन मिनिटं हलवू नका. गढूळपणा जरा बसला की हालचाल दिसू लागते, आणि कोण कसं हलतं यावरूनच त्यांची ओळख पटते.

झटके देत, उड्या मारत वर चढणारे आणि पुन्हा खाली येणारे पांढुरके ठिपके म्हणजे मोइना आणि डॅफ्निया. मोइना साधारण एक मिलिमीटरची, डॅफ्निया त्याहून मोठी. एका जागी थबकून एकदम तीरासारखे सुटणारे, लांबट अंगाचे ते कोपेपॉड. सायक्लॉप्स त्यांतलाच. त्याच्या मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबताना भिंगातून स्पष्ट दिसतात. तिसरे रोटिफर. हे धुळीच्या कणांसारखे असतात, बहुतेक ०.१ ते ०.३ मिलिमीटरचे. नुसत्या डोळ्यांना ते संथ सरकणारा पांढरा भुगा वाटतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घेतलंत तर काम सोपं होतं. सूक्ष्मदर्शक हवाच असं नाही.

पहाटेच का? बरेचसे प्राणी प्लवंग रात्री वर येतात आणि ऊन वाढलं की खोल जातात. एक दिवस सकाळी सहाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पाणी घेतलं तर तुम्ही तळ्याची नाही, घड्याळाची तुलना करत असता.

या तिघांत फरक करायचा तो त्यांच्या वाढीच्या वेगासाठी. रोटिफर आणि मोइना यांच्या माद्यांना एरवी नराची गरज पडत नाही. अन्न आहे आणि पाणी उबदार आहे तोवर त्या एकट्याच वंश वाढवतात. मोइना चार-पाच दिवसांत वयात येते, रोटिफर त्याहून लवकर. कोपेपॉडना नर-मादी दोन्ही लागतात, आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू पुन्हा पुन्हा कात टाकत मोठं होतं, त्यामुळे त्यांना वेळ लागतो. नव्या भरलेल्या तळ्यात खत पडलं की बहुधा आधी रोटिफर दाटतात, मग मोइना, आणि कोपेपॉड मागाहून.

तळ्याची तयारी

तळं आटवता येत असेल तर तळाला भेगा पडेपर्यंत वाळवा. अनिष्ट मासे आणि त्यांची अंडी संपतात, काळ्या गाळातला वायू निघून जातो. प्लवंगही मरतील अशी भीती बाळगू नका. मोइना, डॅफ्निया आणि रोटिफर संकटकाळासाठी जाड कवचाची अंडी घालून ठेवतात. ती कोरड्या चिखलातही टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात.

मग चुना. मातीच्या आम्लतेप्रमाणे हेक्टरी २०० ते ५०० किलो. पाण्याचा सामू ७.५ ते ८.५ च्या दरम्यान आला की पुरे. चुना आणि सुपर फॉस्फेट एकाच दिवशी टाकू नका, चुना स्फुरद धरून ठेवतो. मध्ये निदान आठवडा जाऊ द्या. पाणी आत घेताना तोंडाला बारीक जाळी हवीच.

आता खत. शेण टाकलं की ते जिवाणू कुजवतात, आणि मोइनासारखे जीव ते जिवाणू व शेवाळाच्या सूक्ष्म पेशी गाळून खातात. युरिया आणि सुपर फॉस्फेट मात्र आधी फक्त शेवाळ वाढवतात; त्यातून प्राणी प्लवंग तयार व्हायला एक पायरी जास्त लागते. म्हणून ज्या तळ्यात प्राणी प्लवंग लवकर हवेत तिथे शेण, पेंड अशा सेंद्रिय खतावर भर द्यावा, आणि ज्या तळ्यात वर्षभर हिरवटपणा टिकवायचा तिथे दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

संगोपनाच्या लहान तळ्यासाठी एक जुनी, पारखलेली मात्रा आहे: हेक्टरी ७५० किलो शेंगदाणा पेंड, २०० किलो शेण आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट. १,००० चौरस मीटरला हेच ७५, २० आणि ५ किलो. एकत्र भिजवून दाट काला करायचा. निम्मा बीज सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी पाण्यात कालवून सगळीकडे शिंपडायचा, उरलेला नंतर दोन-तीन हप्त्यांत. सगळा एकदम ओतण्याचा मोह होतो, तो टाळा. एवढी पेंड एका वेळी कुजली तर पाण्यातला प्राणवायू रात्रीत खाली जातो.

जिरे सोडायचे तर ग्लास बघून सोडा

तुम्ही थेट हाताच्या बोटाएवढी बोटुकली आणून सोडणार असाल तर हा भाग सोडून दिलात तरी चालेल. जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली माशाची पिल्लं, वाढवणाऱ्यांनी मात्र दोनदा वाचावा.

कार्पचे जिरे जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरचे असतात. मोठेपणी कोण वरच्या थरात चरणार आणि कोण तळाशी, याचा या वयात संबंध नसतो. अंगावरची पिवळ्या बलकाची शिदोरी संपली की सगळ्यांना प्राणी प्लवंगच लागतात. तोंड एवढंसं, त्यामुळे पहिले काही दिवस रोटिफर आणि मोइनाची अगदी लहान पिल्लं. नंतर मोठी मोइना. जिरे सोडले आणि तळ्यात फक्त मोठे कोपेपॉड असले तर उलटाच प्रकार होतो: सायक्लॉप्सच्या काही जाती या कोवळ्या जिवांना चावे घेतात.

म्हणून तारीख कॅलेंडरवर ठरवू नका. काला टाकल्यावर दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे ग्लास बघा. पांढरा भुगा दाटला आणि त्यात उड्या मारणारे थोडे ठिपके दिसू लागले की तीच वेळ. थांबत राहिलात तर कोपेपॉड वाढतील, आणि त्यांच्यामागून पाणभुंगे, पाठीवर पोहणारे कीटक आणि चतुराच्या अळ्या येतील, ज्या एकेक करून जिरे फस्त करतात. कीटक आधीच दिसत असतील तर सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा नसताना, तेल आणि साबणाचं मिश्रण पाण्यावर पसरवा. श्वासासाठी पृष्ठभागावर येणारे कीटक त्या तवंगाने गुदमरतात. वारं असेल तर तवंग एका काठाला जातो आणि मेहनत फुकट. चतुराच्या अळ्या पाण्याखालीच श्वास घेतात, त्यांच्यावर हा उपाय चालत नाही. त्या बारीक जाळीने ओढून काढाव्या लागतात.

कोणते मासे, कोणत्या प्रमाणात

वायुवीजनाची, म्हणजे यंत्राने पाण्यात हवा मिसळण्याची, सोय नसेल तर हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली, आणि नवख्याने खालच्या आकड्याजवळ राहावं. वरच्या थरात चरणारे ३० ते ४० टक्के, मधल्या थरातले (रोहू) साधारण ३०, तळाचे ३० ते ४०.

इथे एक गोष्ट सर्रास दुर्लक्षित राहते. कटला आणि सिल्व्हर कार्प दोघेही वरच्या थरातले म्हणून एकमेकांच्या बदल्यात मोजले जातात. कटला मुख्यतः प्राणी प्लवंग खातो. सिल्व्हर कार्पची गाळणी इतकी बारीक असते की तो शेवाळाबरोबर रोटिफरही गाळून घेतो. म्हणजे तो कटलाचं काही अन्न थेट खातो आणि मोइनाचं अन्न असलेलं शेवाळही संपवतो. दोघं भरपूर ठेवलेत तर मागे पडतो तो कटला. कटलावर भर द्यायचा असेल तर सिल्व्हर कार्प थोडेच घ्या, किंवा वगळाच. माझं मत वगळण्याकडे झुकतं, निदान पहिल्या वर्षी. तळं वाचणं त्याने सोपं होतं.

सायप्रिनस आणि मृगळ तळाचे. सायप्रिनस चिखल उकरतो, त्याने गाळात अडकलेलं नत्र-स्फुरद पाण्यात परत येतं, शेवाळ आणि त्यामागे प्राणी प्लवंग वाढतात. बांगलादेशातल्या तळ्यांवरच्या प्रयोगांत रोहूबरोबर मोजके सायप्रिनस ठेवल्यावर रोहूची वाढ सुधारली. सायप्रिनस जास्त झाल्यावर तो फायदा घटला. पाणी सतत चहासारखं गढूळ राहत असेल तर ते जास्त झालेत असं समजा.

मोजमापाची दोन साधनं

पहिलं, सेकीची तबकडी. २० सेंटीमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांत रंगवलेली, मध्ये दोरी किंवा मोजपट्टी. अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ही युक्ती समुद्राचं पाणी तपासायला वापरली. दुपारच्या सुमारास तबकडी पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी होते तिथली खोली वाचा. ३० ते ४० सेंटीमीटर चांगलं. २० च्या आत आलं तर खत थांबवा, ५० च्या पुढे गेलं तर तळं उपाशी आहे. अट एकच: गढूळपणा शेवाळाचा हवा, मातीचा नको.

दुसरं साधन, प्लवंग जाळी. साधारण ६० मायक्रॉन छिद्रांचं कापड, शंकूचा आकार आणि टोकाला खुणा असलेली नळी. पाच लिटरच्या बादलीने तळ्याच्या दहा जागांचं पाणी घ्या, म्हणजे ५० लिटर, आणि ते जाळीतून ओता. नळीत चमचाभर मीठ टाकलं की जीव मरून खाली बसतात. अर्ध्या तासाने साक्याची उंची वाचा. जिरे सोडण्याच्या तळ्यात १ ते २ मिलिलिटर साका मिळाला तर अन्न पुरेसं आहे. साका तपकिरी-पांढुरका असेल तर प्राणी प्लवंग जास्त. हिरवा असेल तर शेवाळ.

जाळी आणि मासा एकत्र वाचा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मासे सोडून तीन महिने झालेल्या तळ्यात जाळी ओढली, साका नुसता अर्धा मिलिलिटर आला, की नवखा माणूस घाबरून शेणाच्या पाट्या ओततो. जाळीत जे येतं ते माशांनी खाऊन उरलेलं असतं. पातेल्यात किती उरलं यावरून किती शिजलं होतं ते कळत नाही. प्लवंग रोज हजारोंनी जन्मतात आणि रोज खाल्ले जातात. आपण बघतो ती फक्त शिल्लक.

शिल्लक किती यापेक्षा शिल्लक कोण हे जास्त बोलकं आहे. जॉन ब्रूक्स आणि स्टॅन्ली डॉडसन यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या तलावांवरून हे दाखवून दिलं: प्लवंग खाणारा मासा आला की मोठे प्लवंग आधी गायब होतात, लहान मागे राहतात, कारण मासा डोळ्यांना दिसणारा मोठा घास आधी उचलतो. तुमच्या तळ्यातही तेच घडतं. जाळीत मोठी डॅफ्निया आणि अंगात अंडी असलेली मोइना सापडते म्हणजे वरच्या थरात खाणारी तोंडं कमी आहेत. फक्त रोटिफर आणि कोपेपॉडची पिल्लं उरली म्हणजे मोठं सगळं खाल्लं जातंय.

पण त्याचा अर्थ माशाकडे बघितल्याशिवाय लागत नाही. महिन्यातून एकदा फेकजाळं टाकून प्रत्येक जातीचे वीस-तीस मासे धरा, लांबी आणि वजन घ्या. ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर, भागिले सेंटीमीटरमधल्या लांबीचा घन. ३० सेंटीमीटरचा कटला ४५० ग्रॅम भरला तर उत्तर १.६७. हा आकडा दुसऱ्याच्या तळ्याशी ताडून पाहू नका. आपल्याच तळ्यात तो महिन्यागणिक चढतोय की उतरतोय एवढं बघा. आकडेमोडीचा कंटाळा असेल तर कटलाचं डोकं बघा: डोकं मोठं, पाठ खपाटीला गेलेली आणि पोट आत, म्हणजे मासा उपाशी.

आता जुळवा. जाळीत लहान प्लवंग, शिल्लक कमी, पण मासे भरलेले आणि वाढते: याहून चांगली अवस्था नाही. जे पिकतंय ते मांसात जातंय. खताचे ठरलेले हप्ते चालू ठेवा, दुसरं काही करू नका.

जाळीत मोठी मोइना रगड, पण मासे वाढत नाहीत: अन्न आहे, खाणारा आजारी किंवा गुदमरलेला आहे. सूर्योदयापूर्वीचा प्राणवायू मोजा. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली जात असेल तर मासे नीट खात नाहीत. अंगावर अर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ, आहे का पाहा. पोरगेले मासे मेले असतील आणि तुम्हाला कळलंच नसेल, हीही शक्यता मोजा. अशा वेळी खत टाकणं म्हणजे दुखणं वाढवणं.

जाळीत लहान आणि थोडे, आणि मासेही हडकुळे: इथे तबकडी निकाल देते. पाणी पारदर्शक असेल तर तळं भुकेलं आहे, खत द्या. पाणी हिरवं असूनही प्राणी प्लवंग नाहीत तर तोंडं जास्त झाली. मोठे कटला विक्रीला काढा आणि दोन आठवडे थांबा. काढणीनंतर जाळीत मोइना परत दिसू लागली तर निदान बरोबर होतं.

जाळी भरलेली आणि मासेही छान, असं पहिल्या महिना-दोन महिन्यांत होतं. मासे लहान आहेत इतकाच त्याचा अर्थ.

हप्ते चालू ठेवताना

वाढीच्या तळ्यात शेण थोडं थोडं, आठ-पंधरा दिवसांनी द्या. वर्षाची मात्रा हेक्टरी १० ते २० टनांपर्यंत सांगितली जाते, पण तबकडी जे सांगेल ते अंतिम. कोंबडीखत शेणापेक्षा बरंच तीव्र, त्यामुळे एक तृतीयांशावर या. आभाळ सलग दोन-तीन दिवस भरलेलं असेल तर हप्ता पुढे ढकला. शेवाळ प्राणवायू करत नाही आणि कुजणारं शेण तो खातच राहतं.

दोन खुणा ज्यांकडे डोळेझाक नको

पहाटे काठाच्या कोपऱ्यात तांबूस, विटकरी रंगाचे ढग हलताना दिसले तर ओंजळीत पाणी घेऊन बघा. ते मोइनाचे थवे असतात. पाण्यात प्राणवायू कमी पडला की मोइना आणि डॅफ्निया अंगात रक्तासारखं लाल हिमोग्लोबिन वाढवतात, त्यामुळे रंग तांबूस होतो. दिसायला समृद्धी, पण ही धोक्याची खूण आहे. त्याच वेळी पाणी अचानक स्वच्छ झालं असेल तर मोइनाने शेवाळ फस्त केलंय आणि प्राणवायू तयार करणारं कोणी उरलेलं नाही. खत आणि खाद्य दोन्ही त्या दिवशी बंद, ताजं पाणी आत, पंप किंवा वायुवीजक रात्री दोनपासून सकाळपर्यंत चालू.

दुसरी खूण, पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी दाट साय. हे बहुधा मायक्रोसिस्टिस नावाचं निळं-हिरवं शेवाळ. त्याच्या गुठळ्या मोइनाच्या गाळणीत मावत नाहीत, म्हणून पाणी गर्द हिरवं असूनही प्राणी प्लवंग उपाशी मरतात. तबकडी १५ दाखवते आणि जाळी रिकामी येते. खत थांबवा, वाऱ्याने काठाला लागलेली साय कापडाने ओढून बाहेर काढा आणि थोडं पाणी बदला.

विषबाधा, बहुतेक वेळा आपल्याच हाताने

शेतातलं कीटकनाशक वाहत आलं तर मासे तडफडतीलच असं नाही. मोइना आणि डॅफ्निया मात्र अत्यल्प मात्रेतही मरतात. अर्ग्युलससाठी वापरली जाणारी बरीच औषधंही तेच करतात, कारण अर्ग्युलस आणि मोइना दोघेही कवचधारीच. उपचार करावाच लागला तर पुढचे दोन-तीन आठवडे पूरक खाद्य वाढवायची तयारी ठेवा.

शेणाचंही तसंच. जनावरांना गोचीड किंवा जंताचं औषध नुकतंच दिलं असेल तर त्याचे अंश शेणातून पाण्यात येतात. या औषधांतलं आयव्हरमेक्टिन डॅफ्नियाला फारच घातक आहे. खात्री नसेल तर एक सोपी चाचणी करा. तळ्याचं पाणी आणि वीस-पंचवीस मोइना दोन पसरट भांड्यांत घ्या. एकात चिमूटभर शेण पाण्यात कालवून, गाळून घाला; दुसऱ्यात काही नाही. दोन्ही सावलीत ठेवा, झाकू नका. दुसऱ्या दिवशी शेणाच्या भांड्यातल्या मोइना तळाशी पडलेल्या आणि दुसऱ्यातल्या उड्या मारत असतील, तर ते शेण तळ्यात टाकू नका.